कंबर कशी वाकते आणि का धरते

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 चिटणीसबाई निमंत्रण द्यायला घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण प्रत्येकीला काहीतरी घरी नेता येईल असा घ्या." एवढे बोलून त्या उठल्या आणि उठता उठता कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आधी ही कंबर धड घरी नेता आली तरी पुष्कळ!" माझा विषय तिथेच ठरला.

मी पस्तीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले. पाठ, मान, गुडघे यांच्या तक्रारी ऐकण्यात आयुष्य गेले. तरी आज मी तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर जिची स्वतःची कंबर एकदा चांगली धरली होती अशी एक बाई म्हणून बोलणार आहे. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे माझ्या उपदेशाची किंमत आपल्याला कळेल.

दिवाळीचे दिवस होते. दुपारभर पाटावर बसून, पुढे वाकून मी चकल्या पाडल्या. दोन तास तरी गेले असतील. तेल संपत आले म्हणून उठले, कोपऱ्यातला पंधरा किलोचा तेलाचा डबा गुडघे न वाकवता लांबूनच ओढला, उचलला, आणि तशीच वळून ओट्याकडे निघाले. कमरेत कोणीतरी सुरी खुपसावी तशी चमक आली. डबा खाली ठेवला हे माझे नशीब. पण मला सरळ होता येईना. सून धावत आली. ती म्हणाली, "आई, तुम्हीच ना सगळ्यांना वाकू कसे नये ते सांगता?" (हशा.) तुम्ही हसता आहात ते योग्यच आहे. मीही हसले असते. पण त्या वेळी हसले की कंबर दुखत होती.

शेजारच्या काकूंना हे कळताच त्यांनी पायाळू माणसाचा शोध सुरू केला. उसण भरली की पायाळू माणसाकडून, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाकडून, कमरेला लाथ मारून घ्यायची ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीबद्दल मी पुढे बोलणार आहे. आधी आपण कंबर म्हणजे काय ते पाहू.

आपल्या कण्याला आपण एक हाड समजतो. पण तो मण्यांची माळ आहे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ हलणारे मणके. त्यांच्याखाली पाच मणके एकमेकांना जुळून झालेले त्रिकास्थी आणि सर्वांत खाली माकडहाड. मणक्यामणक्यांच्या मध्ये गाद्या असतात, एकूण २३. कण्याच्या उंचीचा सुमारे चौथा हिस्सा या गाद्यांचाच असतो.

ही गादी कशी असते? साट्याची करंजी डोळ्यांपुढे आणा. बाहेरून पापुद्र्यावर पापुद्रा आणि आत मऊ सारण. गादीचे पापुद्रे पंधरा ते पंचवीस असतात आणि ते चिवट तंतूंचे बनलेले असतात. एका पापुद्र्यातले तंतू उजवीकडे कललेले, तर पुढच्यातले डावीकडे. आपल्या सुतळीच्या बाजेची वीण असते तसे. आतले सारण जेलीसारखे, पाण्याने भरलेले. करंजी एका बाजूने दाबली तर सारण दुसऱ्या बाजूला सरकते. तसेच आपण पुढे वाकलो की गादी पुढून दाबली जाते आणि आतला मऊ भाग मागे रेटला जातो. मागे काय असते? मागे नसा असतात. पाठीच्या दुखण्याची निम्मी गोष्ट या एका करंजीत आहे.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपून होते. रात्री आपण आडवे असतो तेव्हा तिच्यावरचा दाब कमी होतो आणि ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पाणी पिऊन फुगते. दिवसा भाराने त्यातले थोडे पाणी बाहेर पडते. म्हणूनच सकाळी उठताना आपण रात्रीपेक्षा सुमारे दीड सेंटीमीटर उंच असतो. हा फरक निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरातच ओसरतो.

आता कणा हलतो कसा ते पाहू. कण्याचे तिन्ही भाग एकाच कामाचे नाहीत. मान वळते छान. मानेचे जे वळणे आहे त्यातले जवळजवळ अर्धे वरच्या दोन मणक्यांतच होते. पाठीच्या बारा मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने ते पुढेमागे फार वाकत नाहीत, पण बऱ्यापैकी वळतात. कमरेचे पाच मणके नेमके याच्या उलट. त्यांच्या मागचे छोटे सांधे अशा दिशेने बसवलेले आहेत की जणू सरकत्या फळीच्या उभ्या खाचाच. फळी वरखाली सरकते, पण आडवी वळवायला गेलो तर अडते. कमरेचे मणके पुढे चांगले वाकतात, साधारण पन्नास-साठ अंश. पण पाचही मिळून एका बाजूला जेमतेम दहा अंश वळतात. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत बारा अंश सरकतो, त्याहूनही कमी!

मग आपण कमरेत वळतो असे जे म्हणतो, ते वळणे कुठून येते? वरून पाठीतून आणि खालून खुब्यांतून. खुबा म्हणजे मांडीचे हाड जिथे ओटीच्या हाडात बसते तो सांधा, अगदी उखळात मुसळाचे डोके बसावे तसा. तो सर्व दिशांना फिरतो आणि त्याच्याभोवतीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत दणकट स्नायूंपैकी आहेत. वाकण्याचे मोठे काम खरे म्हणजे खुब्याचे. पण आपण दिवसभर बसून बसून खुबे आखडवून घेतो आणि त्यांचे काम कमरेच्या मणक्यांवर ढकलतो. एखाद्या घरात धडधाकट मुलगा बसून राहतो आणि म्हातारी आई पाणी भरते, तसा हा प्रकार आहे.

घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. केरसुणीची लांब काठी पाठीवर उभी धरा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर. आता गुडघे किंचित सैल सोडून, बसायचे असल्यासारखे मागे सरकत पुढे वाका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर आपण खुब्यातून वाकलात. एखाद्या ठिकाणी सुटली तर पाठ गोल झाली. पहिल्या दिवशी बहुतेकींची सुटते. आठ दिवस रोज दहा वेळा केले की अंगवळणी पडते.

आता भाराचा हिशेब करू. हा हिशेब ढोबळ आहे, पण बाजाराच्या हिशेबाइतकाच उपयोगी आहे. कमरेचे स्नायू कण्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटीमीटर मागे असतात. माझा पंधरा किलोचा तेलाचा डबा मी अंगापासून लांब, पन्नास सेंटीमीटरवर धरला होता. तराजूच्या एका दांडीला पाच सेंटीमीटर आणि दुसरीला पन्नास. म्हणजे डबा तोलायला स्नायूंना दहापट, दीडशे किलोंचा ओढा द्यावा लागला. तोच डबा पोटाशी, वीस सेंटीमीटरवर धरला असता तर साठ किलोंत भागले असते. शिवाय वाकलेल्या माणसाचे स्वतःचे धडही तोलावे लागते. त्याचे वजन तीस किलो धरा आणि अंतर पंचवीस सेंटीमीटर. आणखी दीडशे किलो झाले. भगिनींनो, जमिनीवर पडलेली सेफ्टीपिन उचलतानासुद्धा आपल्या कमरेला हा दीडशे किलोंचा ओढा द्यावा लागतो. म्हणून "काहीच उचलले नव्हते हो, नुसती वाकले तर कंबर धरली" असे जेव्हा एखादी सांगते, तेव्हा ती खोटे बोलत नसते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. स्वीडनमध्ये डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. पुढे १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचालींची नोंद घेतली. नुसते उभे असताना जो दाब होता त्याच्या पाचवा हिस्सा आडवे असताना होता. वीस किलो वजन पाठ गोल करून उचलले तेव्हा दाब उभे राहण्याच्या साडेचार पट झाला. गुडघे वाकवून उचलले तेव्हा साडेतीन पटीच्या आत. आणि अंगाशी धरले तेव्हा दुपटीहून थोडा अधिक. माणूस एकच असल्याने हे आकडे सर्वांना जसेच्या तसे लागू करता यायचे नाहीत. पण दिशा कळते. वजन तेच, नुसते जवळ घेतले की ओझे अर्धे!

तर मग माझी कंबर का धरली? नुसत्या डब्याने नव्हे. चार कारणे एकत्र आली.

पहिले, मी दोन तास वाकून बसले होते. पूर्ण वाकून राहिले की पाठीचे स्नायू हळूहळू हात काढून घेतात आणि भार अस्थिबंधांवर, म्हणजे मणक्यांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो. जुन्या चोळीचा नाडा ओढून ओढून सैल पडावा तशा त्या पट्ट्या सैल पडतात आणि उठल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. वीस मिनिटे वाकून बसलेल्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा दोन मिनिटांच्या विश्रांतीनंतर सांध्यांचा ताठपणा निम्माच परत आला होता. म्हणजे सैल पडलेल्या कण्यावर मी वजन घातले. दुसरे, डबा लांब धरला. तिसरे, वाकलेली असतानाच वळले. गादीच्या विणीत निम्मे तंतू एका दिशेचे आणि निम्मे दुसऱ्या दिशेचे, हे मघाशी सांगितले. पीळ दिला की निम्मेच तंतू ताणले जातात आणि उरलेले सैल पडतात. दोघींनी उचलायची घागर एकीच्याच खांद्यावर येते. चौथे कारण सर्वांत सामान्य: मी दमले होते आणि घाई होती.

पाचवे कारण माझ्या बाबतीत नव्हते, पण आपणा सर्वांच्या घरात असते. ते म्हणजे सकाळची वेळ. सकाळी गाद्या पाण्याने फुगलेल्या आणि ताठ असतात, म्हणून तेव्हा वाकताना त्यांवर ताण अधिक पडतो. आणि आपण काय करतो? अंथरुणातून उठलो की अंथरूण काढणे, वाकून केर, बादल्या, मोरीतली भांडी. सगळी वाकायची कामे पहिल्या तासात! अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाठदुखीच्या रुग्णांना सकाळच्या पहिल्या काही तासांत कंबर वाकवणे टाळायला शिकवले, एवढ्यानेच त्यांचे दुखणे कमी झाले. आपण एवढेच करावे: आधी चहा, देवपूजा, भाजी चिरणे अशी उभ्याची किंवा ताठ बसायची कामे आणि मग केरवारे.

आता "गादी सरकली" या शब्दाबद्दल बोलते. या शब्दाने जेवढ्या बायकांना अंथरुणाला खिळवले आहे तेवढे खुद्द गादीने नसेल. गादी कधी सरकत नाही. ती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचे पापुद्रे फाटून आतला भाग फुगवटा धरतो किंवा बाहेर येतो आणि नसेला लागतो. मग कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जाते. यालाच सायटिका किंवा गृध्रसी म्हणतात. गादीमुळे असे होते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिले. बहुतेक वेळा हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होते. पण यातले बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून, सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ सुधारतात. बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते.

आणखी एक गंमत ऐका. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता! केस पिकतात तशा गाद्याही वयाने पिकतात. म्हणून रिपोर्टात फुगवटा लिहिला आहे एवढ्यावरून आपली पाठ मोडली असे समजू नये. कंबरदुखीच्या शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद जणांत नेमका कोणता भाग दुखावला हे कोणत्याही यंत्राने ठामपणे सांगता येत नाही, आणि तरी त्यांतले बहुतेक बरे होतात.

इथे ती पायाळूची गोष्ट येते. उसण भरलेली बाई साधारण आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरीच सुधारते. चौथ्या दिवशी लाथ मारली तर श्रेय लाथेला मिळते. चौथ्या दिवशी मी काढा दिला असता तर ते काढ्याला मिळाले असते. पण लाथ ही नुसती निरुपयोगी नाही, ती धोक्याची आहे. विशेषतः पाळी गेल्यानंतर आपल्या हाडांतला भरीवपणा कमी होतो. अशा बाईचा मणका साधी बादली उचलतानाही दबून मोडू शकतो, मग लाथेने काय होईल याचा विचार करा. काकूंना मी हे समजावले आणि चहा पाजून परत पाठवले.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला पुष्कळ वर्षे लागली.

१९८३ साली मी एका रुग्णालयात नवी होते. तिथे एक बाई आल्या. चार घरी धुणे-भांडी करीत. मी त्यांना मावशी म्हणत असे. ओल्या चादरींची बादली उचलताना त्यांची कंबर धरली होती. पायात कळ नव्हती, मुंग्या नव्हत्या, साधी उसण. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना तीन आठवडे सक्त अंथरूण सांगितले गेले आणि ते पाळायला लावणे हे माझे काम होते. पाचव्या दिवशी त्या उठून भिंतीला धरून चालताना मला दिसल्या. मी त्यांना रागावले. म्हणाले, "मावशी, असे केलेत तर जन्मभर अपंग व्हाल." माझे वय अठ्ठावीस, त्यांचे पन्नासच्या आसपास. त्या मुकाट्याने आडव्या झाल्या.

तीन आठवड्यांनी उठल्या तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते. चार घरांपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली होती. आणि सर्वांत वाईट म्हणजे माझे ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसले होते. पुढे मला त्या दोनतीनदा भेटल्या. काचेची कंबर घेऊन चालावे तशा चालत, वाकत नसत, नातवाला उचलत नसत. कंबर बरी झाली होती. भीती बरी झाली नव्हती.

१९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवले की दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच चांगली, आणि दोन दिवसवाले कामावर लवकर परततात. १९९५ साली फिनलंडमध्ये १८६ लोकांवर चाचणी झाली. काहींना अंथरूण दिले, काहींना कमरेचे व्यायाम, आणि काहींना सांगितले, सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. हे तिसरे लोक सर्वांत लवकर बरे झाले. अंथरुणावरचे सर्वांत सावकाश. तो लेख मी वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. भिंतीला धरून चालणाऱ्या मावशी बरोबर होत्या आणि पदवी घेतलेली मी चूक होते.

मी त्यांच्या पत्त्यावर गेले. त्या मुलाकडे दुसऱ्या गावी गेल्या होत्या. शेजाऱ्यांना गावाचे नाव ठाऊक नव्हते. माफी मागायची राहिली ती राहिलीच. तेव्हापासून जिथे बोलावतील तिथे मी हे सांगते. आज आपणापुढे सांगते आहे. माफी मागण्याचा मला सुचलेला हाच एक मार्ग आहे.

तेव्हा भगिनींनो, कंबर धरली तर काय करावे? एक-दोन दिवस आडवे पडावेसे वाटले तर पडावे. गुडघ्यांखाली उशी घ्यावी. शेकाने बरे वाटत असेल तर शेकावे. पण दर तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चालावे. दुखते म्हणजे मोडते असे नव्हे. रोज थोडे थोडे वाढवत नेहमीच्या कामावर यावे. कमरेच्या पट्ट्यावर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत पट्टे आणि वजने लावून कंबर ताणणे यांची शिफारस नाही, व्यायामाची आहे.

मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नये. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि पुढे नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा खाली उतरतो. तो जुडगा दाबला गेला तर लघवी तुंबते किंवा कळत नाही, शौचावर ताबा राहत नाही, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसण्याच्या जागी बधिरता येते, दोन्ही पायांतले बळ जाते. असे झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, रुग्णालय गाठावे. या खुणा सांगायला बायका लाजतात आणि त्या लाजण्यात पाय गमावतात. तसेच दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उगाच उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखू लागले असेल किंवा साठीच्या पुढे एकाएकी पाठीत तीव्र कळ येऊन उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

आणि दुखू नये म्हणून काय करावे? इथेही मी प्रामाणिकपणे बोलते. नुसते उचलण्याची पद्धत शिकवून लोकांची पाठदुखी टळली असे मोठ्या पाहण्यांत दिसत नाही. टळली ती नियमित व्यायामाने. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर चाचणी झाली, ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. एकदा पाठ दुखून बरी झालेल्या या लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत चालायला लावले. आठवड्यात पाच दिवस, अर्धा अर्धा तास हे उद्दिष्ट. न चालणाऱ्यांचे दुखणे सरासरी ११२ दिवसांनी उलटले, तर चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. चालायला ना पैसे लागतात ना यंत्र. आपल्या मंडळाच्या चारचौघी मिळून संध्याकाळी निघालात तर गप्पाही होतील.

वाकणे हे पाप नाही. कणा वाकण्यासाठीच घडवला आहे, आणि बायकांचा तर विशेष. २००७ साली संशोधकांनी दाखवले की पोटातले बाळ पुढे ओढत असताना तोल राखता यावा म्हणून बाईच्या कमरेच्या तीन मणक्यांना पाचरीसारखा आकार असतो. पुरुषाच्या दोनच मणक्यांना असतो. म्हणजे निसर्गाने आपली कंबर ओझ्यासाठीच घडवली आहे, तिला दुबळी समजू नका. पण दणकट बैलालाही कोणी दिवसभर विसावा न देता नांगराला जुंपत नाही. तासभर वाकून काम झाले की उठा, कमरेवर हात ठेवून किंचित मागे झुका, चार पावले चाला आणि मगच जड वस्तूला हात घाला. वजन पोटाशी घ्या. वळायचे असेल तर कंबर नको, पाऊल वळवा. बादली अर्धी भरा, दोन खेपा करा. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो आणि टाकीचे वजन जवळजवळ तेवढेच. तो एकटीने उचलण्याची वस्तू नव्हे. घरात मुलगा, नवरा, दीर बसलेले असतील तर त्यांना हाक मारण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळींच्या घरी केरफरशीला, भांड्यांना बाई येते. आपण आपल्या कमरेची काळजी करतो. तिची कंबर चार घरची असते. तिला लांब दांड्याची केरसुणी आणि पोछा द्या. मोरीत वाकून भांडी घासण्याऐवजी बसायला उंचसा पाट किंवा उभ्याने घासायची सोय करा. ओल्या चादरी एकदम बादलीभर देऊ नका. आणि तिची कंबर धरली तर आठ दिवसांचे खाडे कापू नका, दुसरी बाई ठेवू नका. हलके काम देऊन तिला परत येऊ द्या. तिच्या बरे होण्याचे औषधही तेच आहे. मंडळाने हा एक ठराव केला तर आजच्या माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन. मावशींपर्यंत तो पोचणार नाही, पण कोणा तरी मावशीपर्यंत पोचेल.

मघापासून मी आपल्याला बराच वेळ एका जागी बसवून ठेवले आहे. तेव्हा आता सर्वजणी उठा, हात कमरेवर ठेवा, जरा मागे झुका. छान. आणि हे जाजम आज शिपाईदादांनी एकट्याने गुंडाळून उचलायचे नाही. चारही कोपऱ्यांना चौघीजणी या, जाजम अंगाशी धरू आणि पाऊल वळवून नेऊ.